दादा, तुझा ग्राइंडर का अडकत होता

दादा,

परवा तुझी तेरवी झाली. मंडपाचे बांबू अजून ओसरीच्या भिंतीला टेकून उभे आहेत. माणसं आली, तुझ्याविषयी चांगलं बोलली. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, पण त्या सगळ्या वाक्यांमध्ये मला तू कुठे दिसेनास. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं, की तुझ्याविषयी मला जे नेमकेपणाने सांगता येईल तेवढंच सांगायचं. आणि नेमकेपणाने मला एकाच गोष्टीविषयी सांगता येतं: वरवट बकालच्या आपल्या स्वयंपाकघरातला कॉफी दळण्याचा ग्राइंडर रोज का अडकत होता.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. तुला वाटणार नाही.

पुण्यात माझ्या फ्लॅटवर तू किमोसाठी राहिलास, तेव्हा तुझ्या जिभेची चव गेली होती. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, मी त्यावर वाचलंही होतं. पण वाचणं निराळं आणि तुला जेवताना बघणं निराळं. वहिनी सोबत आली होती. माझ्या ओट्यावर ती ज्वारीच्या भाकरी थापायची, ठेचा वाटायची, तुझ्या आवडीचं सगळं करायची. तू एक घास तोंडात फिरवायचास आणि ताट सरकवायचास. "पोट भरलं," म्हणायचास. ती ताट उचलायची. उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा ताजी थापायची.

मग एका सकाळी मी माझ्यासाठी एस्प्रेसो काढत होते. तू म्हणालास, "काय पेऊन राह्यली एवढुशा कपात? पाहू मले." घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस.

"कडू हाये," म्हणालास. मग थांबलास. "ए बाई, कडू हाये! म्हंजे मले कडू कळलं!"

वहिनीने तुझ्या कपातला थेंब चाखला आणि म्हणाली, "हा तं कारल्याचा काढा हाये. याच्यापायी येवढी मशीन घेतली ताईनं?" आपण तिघंही हसलो. त्या महिन्यात आपण तिघं मिळून हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

तू गावी परतलास तेव्हा मी ते सगळं तुझ्याबरोबर दिलं: हाताने दांडी दाबून कॉफी काढायचं छोटं यंत्र, आणि बिया दळायचा विजेवरचा ग्राइंडर. मिक्सर का चालत नाही, हे मी वहिनीला समजावून सांगितलं. मिक्सर बिया फोडतो. काही भुकटी होते, काही कण्या राहतात, आणि पाणी कण्यांमधून वाट काढून निघून जातं. ग्राइंडरमध्ये दातेरी शंकू असतो आणि त्याभोवती दातेरी कडं. जात्याच्या वरच्या-खालच्या दगडांसारखं. त्यांच्यामधली फट ठरवायची, म्हणजे प्रत्येक कण सारख्या आकाराचा होतो. तुला दुकानात जाणं आता झेपणार नव्हतं आणि कुरिअर जळगाव जामोदपर्यंतच येतं, म्हणून पुढच्या कित्येक महिन्यांच्या बियाही मी एकदमच पाठवल्या. पत्र्याचा मोठा डबा भरून.

पहिले काही आठवडे तुझे फोन आनंदाचे होते. नंतर उन्हाळ्यात एका सकाळी तू म्हणालास, "तुही गिरणी बसली."

दादा, औषधाची भुकटी यंत्रात का साचते, गोळी नीट का पडत नाही, हे शोधण्याचा पगार मला मिळतो. तू मला भुकटीची डॉक्टरीण म्हणायचास. या विषयावर मी हरेन असं मला वाटलंच नाही. मी एकेक शक्यता घेतली आणि तुला एकेक परीक्षा सांगितली.

"आवाज कसा येतो?"

"कसा म्हंजे? हुंऽ करते अन् बसते. म्हाताऱ्या बैलावानी."

"म्हणजे मोटर फिरायला बघते आहे, पण भार पेलत नाही. व्होल्टेज किती आहे?"

"थांब, बल्बाकडे पाह्यतो. हां. मेणबत्तीयेवढं हाये."

मी तुला पहाटे, लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू होण्याआधी दळून बघायला लावलं. बल्ब लख्ख होता, ग्राइंडर तरीही अडकला. शक्यता बाद. मग फट एक घर मोठी करून दळण जाड करायला लावलं.

"केली," तू म्हणालास. "आता दळते मस्त. पण पाणी भसाभसा गेलं. हा तं च्या झाला."

खडा असेल म्हणून बिया ताटात पसरून निवडायला लावल्या. तू म्हणालास, "पुण्याहून शिकून आली अन् भावाले तांदूळ निवडाले बसोलं." खडा नव्हता. हवेतला ओलावा म्हणावा, तर आपल्याकडचा उन्हाळा. पापडसुद्धा तासाभरात कडक होतात. शेवटी मी दळलेल्या पुडीचा फोटो मागवला. पूड मोकळी नव्हती. गोळा झालेली, काळपट आणि किंचित चमकणारी होती. मी ठामपणे सांगितलं, की बिया जास्त भाजलेल्या आहेत, त्यांचं स्वतःचं तेल सुटतं आहे आणि बारीक कण त्यात चिकटून पूड बाहेर पडायच्या नळीत लापशी होते आहे. रोज कडं उघडून ब्रशने साफ करत जा.

"असन बा," तू म्हणालास. "तू म्हणतं तं असन."

तू इतक्या सहज कधी माझं म्हणणं मान्य केलं नव्हतंस. माझं तिकडे लक्ष गेलं होतं. मी ते आजारपणाच्या थकव्यावर ढकललं.

कारण आपला खरा वाद तुला आठवतो. मी बीएस्सीला होते. बीटी कपाशीच्या पिशवीत बिगर-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट येतं, ते वावराच्या कडेने पेरायचं असतं. सगळं गाव ते उकिरड्यावर फेकायचं. मी तुला अंगणात काडीने रेघा मारून समजावलं होतं, की अळीला थोडी साधी पऱ्हाटी खायला ठेवली नाही, तर बीटीला दाद न देणाऱ्या अळ्याच तेवढ्या उरतील आणि त्यांचीच पिल्लं वाढतील. तू म्हणालास, "म्हंजे मी अळीले पोसू? माहा काय साळा लागते थो?" तरी त्या वर्षी तू ते पाकीट पेरलंस. माझ्यासाठी पेरलंस. शेजारपाजारचे बांधावर उभे राहून हसले, आणि पुढच्या वर्षीपासून तेही पाकीट उकिरड्यावर गेलं.

पुढे ज्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा तू मला बोंड फोडून दाखवलं होतंस. बाहेरून हिरवंगार, आत कुजका पिवळट कापूस आणि त्यात ती गुबगुबीत अळी. फवारणीचा उपयोग नव्हता, कारण ती आत बसलेली. उभ्या पऱ्हाटीवर तू ट्रॅक्टर फिरवलास. मी म्हणाले, की मी हे सांगितलं होतं.

"हाव, सांगतलं होतं," तू म्हणालास. "बरोबर होती तू. मंग? मी एकट्यानं पेरलं असतं अन् बाकीच्यायनं नसतं, तं अळी काय माहा बांध पाहून थांबली असती? तुहं बरोबर असणं मी कोणच्या वावरात पेरू, सांग?"

मी आकडे सांगू लागले आणि तू ट्रॅक्टर धुवायला निघून गेलास. तो वाद तिथेच राहिला. एखादी गोष्ट खरी असणं आणि ती उपयोगाची असणं, यात तू फरक करायचास. मी करत नसे. मला वाटायचं, की खरी गोष्ट आज ना उद्या उपयोगी पडतेच. तुला वाटायचं, की ती कुणाच्या घरात, कोणत्या वेळी नेऊन ठेवायची, हे कळलं पाहिजे.

पोळ्याला मी घरी आले. तू बारीक झाला होतास. सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. बैलांना सजवायला तू ओसरीवरूनच सूचना देत होतास. वहिनी पुरणाच्या पोळ्यांत गुंतली होती. मी पिशवीही न उघडता स्वयंपाकघरातून ग्राइंडर उचलून तुझ्याजवळ ओसरीवर आणला. कडं उघडलं, आतला काळा चिखल बोटावर घेतला आणि चिमटीत चोळला.

ते कॉफीचं तेल नव्हतं. कॉफीचं तेल इतकं जाड नसतं, इतका चिकट धागा ओढत नाही. मी वास घेतला आणि मला आपली आई आठवली, शाळेला सुट्टी लागली की वाटी घेऊन मागे लागणारी. एरंडेल.

मग सगळं क्षणात जुळलं. बियांचा डबा धान्याच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी होता. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना त्याला एरंडेल चोळतात, तुरीच्या डाळीला चोळतात, म्हणजे सोंडे लागत नाहीत. वहिनीने तेच केलं होतं. कित्येक महिने पुरवायचा दाणा, तोही नवऱ्याच्या जिभेला लागणारा एकुलता एक. त्याला कीड लागू नये म्हणून तिने तळहाताला तेल लावून तो सगळा डबा चोळून काढला होता. माझ्या यादीतल्या कोणत्याही शक्यतेत हे नव्हतं. पुण्यात कॉफी पिणाऱ्या कुणाच्याच यादीत हे असणार नाही.

मी "वहिनी!" अशी हाक मारायला तोंड उघडलं आणि तू माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बोलू नोको," तू हळूच म्हणालास.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. साऱ्या दुनियेची चव गेली अन् एरंडेल बराबर कळलं जिभेले. पाह्य, कशी हरामी हाये."

"मग इतके दिवस मला व्होल्टेज काय मोजायला लावलंस?"

"तूच मोजाले लावलं. मी तं बल्ब सांगतला."

मी हसले नाही. मी तुला नेहमीसारखं मुद्देसूद सांगितलं. वहिनीला सांगितलं तर ती पुढे तेल लावणार नाही, यंत्र अडकणार नाही, आणि तुला रोज चांगली कॉफी मिळेल. त्यात तोटा कुणाचा?

तू दारातून स्वयंपाकघराकडे पाहिलंस. ती पोळी लाटत होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"दवाखान्यात साऱ्यायनं माह्यासाठी काही ना काही केलं," तू म्हणालास. "डॉक्टरनं केलं, तू केलं. थे नुसती बाकड्यावर बसून राहे. भाकरी केल्या तं मी खाल्ल्या नाही. तिच्या हातानं माह्यासाठी येवढंच झालं. दाणा न् दाणा चोळला तिनं. अन् आता तिले सांगू, का तुह्यानंच बिघडलं? नाही सांगाचं. शपथ हाये तुले."

मी म्हटलं, हे तर्काला धरून नाही. तू म्हणालास, "नसन." मी नव्या बियांचा डबा पाठवते म्हणाले, तर तू म्हणालास, "मंग जुन्याचं काय झालं, थे नाही इचारणार का?"  मी शपथ घेतली. पण वाद सोडला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर मी तो पुन्हा काढला आणि प्रत्येक वेळी तू विषय सोयाबीनवर नेलास.

तर असं तुझं शेवटचं काम ठरलं. रोज सकाळी उठायचं, उकळत्या पाण्यात फडकं पिळून दाणे पुसायचे, पंख्याखाली वाळवायचे, तरी अडकलं की कडं उघडायचं आणि दातांच्या जुन्या ब्रशने ते खरवडायचं. वहिनी जवळ आली की म्हणायचं, "तू जाय, मी करतो." मग त्या खटाटोपातून निघालेला, एरंडेलाचा वास असलेला तो घोट प्यायचा. दिवाळीनंतर तुला उठणं जमेना. ग्राइंडर झाकून ठेवला गेला. तू गेलास त्या सकाळी तुझ्या तोंडात वहिनीने पाणी घातलं. कॉफीचा विषय कुणी काढला नाही.

इथवर मला जे माहीत होतं ते मी लिहिलं. यापुढचं तुला माहीत नाही, आणि खरं म्हणजे तेच सांगायला मी बसले आहे.

तेरवीची माणसं गेली. काल दुपारी वहिनी आणि मी भांडी आवरत होतो. गेले सगळे दिवस ती जवळजवळ बोललीच नव्हती. विचारलं तर हो-नाही, वाढलं तर दोन घास. आलेल्या बाया तिला कवटाळून रडायच्या आणि ती त्यांची पाठ थोपटायची. काल तिने ग्राइंडरवरचं फडकं काढलं, घडी केली आणि म्हणाली, "ताई, एक इचारू? खरं सांगजा."

"विचारा."

"यायले माह्या हाताची किळस येऊन राह्यली होती का?"

मला आधी कळलंच नाही. मग ती बोलत गेली, माझ्याकडे न बघता. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा तिच्या हातचा. एक दिवस चुकला नाही. उन्हाळ्यापासून मात्र तू तिला त्या यंत्राला हात लावू देईनास. ती जवळ आली की "तू जाय." डबा उघडायला गेली की "राहू दे." ती तुझं अंग पुसत होती, ओकाऱ्या काढत होती, आणि ज्या एका गोष्टीची तुला चव लागत होती, ती तू तिच्या हातची घेईनास.

"मले वाटलं, घाणीचे हात म्हणून नोको वाटत असन," ती म्हणाली. "लय धुवो मी हात. साबनानं. दोनदा दोनदा."

दादा, तू दाराआड उभा असतास तर हे ऐकून काय केलं असतंस, मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगते. मी तुझी शपथ मोडली. मी एक क्षणही विचार केला नाही, असं नाही, केला. तुझं म्हणणं मी तुझ्यापेक्षाही नीट मांडून स्वतःला ऐकवलं. ती मनाने खचेल, तिच्या हातून घडलेली एकुलती एक गोष्टही चुकीची निघेल. पण तू जपलेली वहिनी आणि माझ्यासमोर उभी असलेली वहिनी एक नव्हत्या. तू तिला एका दुःखापासून वाचवलंस आणि ती त्याहून मोठं दुःख घेऊन महिनोन्महिने हात धूत राहिली. तुझ्या हिशेबात ही शक्यता नव्हती. माझ्या यादीत एरंडेल नव्हतं, तसंच.

मी तिला सगळं सांगितलं. तेल, नळीतला चिखल, पोळ्याची सकाळ, तुझं ते वाक्य. "दाणा न् दाणा चोळला तिनं," हे तुझ्याच शब्दांत सांगितलं. 

ती उठून धान्याच्या खोलीत गेली, मी मागोमाग. मग डबा खाली घेतला, झाकण उघडलं, मूठभर दाणे नाकाशी नेले.

"वास तं येते," म्हणाली. "मले वाटे, दवाईचा हाये. साऱ्या घराले दवाईचा वास येत होता."

मला वाटलं, आता ती रडेल. मी तिच्याजवळ सरकले. पण तिने दाणे परत डब्यात टाकले आणि सरळ पुढच्या खोलीत गेली, जिथे तुझा फोटो पाटावर ठेवला आहे आणि हार अजून सुकलेला नाही. पदर खोचून ती तुझ्यासमोर उभी राहिली.

"सांगता नव्हतं येत?" तिने तुला विचारलं. "काचेची होती का मी? पुसून दिले असते ना दाणे! चार दिवस बोलली नसती, मंग हासली असती! अन् तुमी... एरंडेल पेत राह्यले? येवढा मोठा माणूस, रोज सकाळी एरंडेल?" मग माझ्याकडे वळून, "ताई, आखीन काय काय लपवलं यायनं माह्यापासून?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं आहे. तुला किती दुखत होतं, डॉक्टरांनी शेवटच्या वेळी तुला एकट्याला आत बोलावून काय सांगितलं, हे मी विचारलं तेव्हा तू मलाही सोयाबीनवरच नेलं होतंस.

"यायले माहीत हाये," ती म्हणाली आणि पुन्हा तुझ्याकडे वळली. तेरवीच्या आधी ती तुझ्या फोटोपुढे हात जोडायची, देवापुढे जोडतात तसे. काल तिने हात जोडले नाहीत. कमरेवर ठेवले होते. तिने तुला तुझ्या लपवाछपवीवरून बोलून घेतलं, उरलेल्या भाकरीवरून, खोटं "पोट भरलं" म्हणण्यावरून, बाकड्यावर बसवून ठेवण्यावरून. ओसरीवर कुणीतरी आलं आणि आवाज ऐकून माघारी गेलं. तिने पर्वा केली नाही.

संध्याकाळी तिने स्वतःहून ताट वाढून घेतलं आणि जेवता जेवताही तिचं तुझ्याशी भांडण चालू होतं. आज सकाळी उठल्यावरही ते संपलेलं नाही. मी हे लिहिते आहे आणि मला पुढच्या खोलीतून तिचा आवाज येतो आहे, चढत जाणारा, मध्येच कापरा होणारा, पुन्हा चढणारा. मला तिला गप्प करायला सांगू नकोस. नवरा जिवंत असताना बाई जशी भांडते तशी ती भांडते आहे, आणि या वेळी तुला ट्रॅक्टर धुवायला जाता येणार नाही.